पहिले यंत्र कशावर घडले?

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील अभ्यासवर्गात एका तरुणाने प्रश्न विचारला. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या हातात लुईस डार्टनेल या इंग्रज शास्त्रज्ञाचे २०१४ साली निघालेले पुस्तक होते. मोठे संकट येऊन आजची यंत्रसंस्कृती कोसळली आणि थोडीच माणसे उरली, तर त्यांनी शेती, औषधे, धातू, वीज हे सारे पुन्हा कसे उभे करावे, याचा विचार त्या पुस्तकात केला आहे. तरुण म्हणाला, "काका, पुस्तक शिल्लक असलं की बास. वाचून सगळं परत करता येईल. खरं की नाही?"

मी आयटीआय करून सदतीस वर्षे कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होतो. त्याला म्हणालो, "अर्धं खरं आहे." उरलेल्या अर्ध्याविषयी त्या संध्याकाळी मला नीट बोलता आले नाही. म्हणून हा लेख.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या थॉमस थ्वेट्स या तरुणाने २००९ च्या सुमारास ठरवले, की पाव भाजायचा विजेचा टोस्टर आपण पार मुळापासून बनवायचा. बाजारातून त्याने सर्वांत स्वस्त टोस्टर आणला. त्याची किंमत चार पौंडांहूनही कमी होती. खोलून पाहिला तर आत चारशेहून अधिक सुटे भाग निघाले. मग तो एका जुन्या खाणीतून लोहखनिज घेऊन आला. अभ्रकासाठी स्कॉटलंडला गेला. तांब्यासाठी वेल्समधील जुन्या खाणीचे पाणी आणले. निकेल मिळेना, तेव्हा परदेशी नाणी वितळवली. लोखंड गाळण्याची माहिती त्याला सोळाव्या शतकातील एका ग्रंथात मिळाली. त्याप्रमाणे भट्टी लावली. लोखंड निघाले, पण हातोडा मारताच फुटणारे. शेवटी त्याने घरगुती मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये खनिज तापवून थोडे लोखंड मिळवले. सुमारे बाराशे पौंड आणि कित्येक महिने खर्ची पडले. तयार टोस्टर विजेच्या मुख्य जोडणीला लावला आणि काही सेकंदांतच तो वितळून निकामी झाला.

या प्रयत्नाला कोणी हसू नये. त्या तरुणाने जगाला एक मोलाची गोष्ट दाखवून दिली. त्याच्याजवळ ग्रंथ होता. ग्रंथात खोटे काही नव्हते. पण भट्टीचा रंग पाहून वारा किती द्यायचा, लोखंड कोणत्या क्षणी बाहेर काढायचे, हे ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाताला ठाऊक नव्हते. आणि हात अडला तेव्हा त्याला दुसऱ्या कारखान्यात तयार झालेल्या यंत्राचाच आधार घ्यावा लागला.

येथे खरा प्रश्न उभा राहतो. यंत्र यंत्रावर घडते. लेथचे भाग दुसऱ्या लेथवर कातले जातात. मग पहिला लेथ कशावर घडला? अचूकपणा अगोदरच्या अचूकपणातून येत असेल, तर पहिला अचूकपणा आला कोठून?

याचे उत्तर मला एका मिस्त्रीने दिले. ते कसे मिळाले, हेही सांगितले पाहिजे. मी कारखान्यात लागलो तेव्हा टूलरूममध्ये दोन जुने मिस्त्री होते. पहिल्याकडे मला शिकायला दिले. त्याने माझे आडनाव विचारले, गाव विचारले, आणि सहा महिने मला प्लेटा उचलायला, पुसायला आणि तेल लावायला ठेवले. स्क्रेपर हातात दिला नाही. बरोबरच्या मुलांना दिला. दुसरे मिस्त्री मुसलमान होते. हे सर्व ते न बोलता पाहत होते. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बोलावले आणि म्हणाले, "बैठ. आज तुला सपाट म्हणजे काय ते दाखवतो."

सपाट म्हणजे काय, हे वाचकांनाही समजावून देतो, कारण सगळी यंत्रविद्या या एका गोष्टीवर उभी आहे. प्लेट सपाट आहे की नाही, हे पाहायला सरळ पट्टी लागते. पट्टी सरळ आहे की नाही, हे पाहायला सपाट प्लेट लागते. हे चक्र फोडायचे कसे? त्यासाठी ओतीव लोखंडाच्या तीन प्लेटा घ्याव्या लागतात. त्यांना अ, ब, क म्हणू. अ प्लेटवर तेलात कालवलेल्या निळ्या रंगाचा पातळ थर द्यायचा आणि ब तिच्यावर ठेवून हलकेच घासायची. ब जेथे उंच असेल तेथे निळे डाग पडतात. ते उंचवटे स्क्रेपरने खरवडून काढायचे. पुन्हा रंग, पुन्हा घासणे, पुन्हा खरवडणे. असे करता करता एक वेळ अशी येते, की ब प्लेटवर सर्वत्र सारखे डाग उमटतात. अ आणि ब तंतोतंत जुळल्या.

मी म्हणालो, "झाली सपाट."

मिस्त्री म्हणाले, "जुळली म्हणजे सपाट झाली असं नाही, बेटा."

त्यांचे म्हणणे असे होते. अ मध्यभागी किंचित फुगीर असेल आणि ब तितकीच खोलगट असेल, तरीही त्या तंतोतंत जुळतील. दोघीही वाकड्या असतील आणि डाग मात्र सांगतील की सर्व ठीक आहे. म्हणून तिसरी प्लेट. आता क ही अ शी जुळवायची. अ फुगीर असेल तर क सुद्धा ब सारखीच खोलगट होईल. मग ब आणि क समोरासमोर आणायच्या. दोन्ही खोलगट, म्हणून त्या फक्त कडांना टेकतील आणि मध्ये पोकळी राहील. लबाडी उघडी पडली. आता दोघींच्या कडा सारख्याच प्रमाणात खरवडायच्या, मग अ पुन्हा त्यांच्याशी जुळवायची, आणि हा फेरा चालू ठेवायचा. प्लेटेत पीळ राहू नये म्हणून अधूनमधून ती काटकोनात फिरवून घासायची. तिन्हींपैकी कोणत्याही दोन, कशाही फिरवून ठेवल्या तरी जुळू लागल्या, की त्या तिन्ही सपाटच असल्या पाहिजेत. दुसरी शक्यताच उरत नाही.

या पद्धतीचे मर्म ध्यानात घ्यावे. येथे वरून कोणी प्रमाण आणून दिलेले नाही. अगोदर कोठेही एकही सपाट वस्तू नसताना, तीन ओबडधोबड तुकड्यांच्या परस्पर परीक्षेतून सपाटी जन्माला येते. एकदा सपाट प्लेट मिळाली की तिच्यावरून सरळ धार, सरळ धारेवरून लेथचा सरळ मार्ग. शून्यापासून यंत्र घडवण्याची ही पहिली पायरी.

दुसरी पायरी आट्यांची. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी बाजू पेन्सिलीवर मळसूत्र काढते. प्रत्येक स्क्रू हा असा गुंडाळलेला चढच असतो. इंग्लंडमधील हेन्री मॉडस्ले याने फिरत्या गोल दांड्यावर तिरप्या कोनात सुरीची धार टेकवून आटे काढले, ते वारंवार दुरुस्त केले, आणि त्या स्क्रूवर चालणारा आटे कापण्याचा लेथ १८०० च्या सुमारास उभा केला. त्याच्या आधीही काहींनी असे लेथ केले होते. पण रोजच्या कामात अचूकपणा आणला तो त्याच्या कारखान्याने. त्याच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत सपाट पृष्ठे खरवडून कशी तयार करावीत, यावर निबंध वाचला.

हा मॉडस्ले कोण होता? १७७१ साली जन्मलेला कामगाराचा मुलगा. वयाच्या बाराव्या वर्षी तो वुलिचच्या शस्त्रागारात काडतुसे भरायला लागला. शाळा बेताचीच. अठराव्या वर्षी जोसेफ ब्रामाच्या कुलपांच्या कारखान्यात गेला. तेथे आठवड्याला तीस शिलिंगांवर वेतन वाढवून मिळेना, म्हणून १७९७ साली त्याने स्वतःचे दुकान थाटले. पुढे पोर्ट्समथच्या नौदलाच्या गोदीसाठी जहाजांच्या कप्प्या बनवणारी पंचेचाळीस यंत्रे त्याने घडवली. आराखडे मार्क ब्रुनेल या इंजिनियरचे, घडण मॉडस्लेची. त्या यंत्रांवर दहा अकुशल माणसे एकशे दहा कुशल कारागिरांचे काम करू लागली. तेथेही मालक होते, शोषण होते, गरिबाचे हाल होते. त्या समाजाचे गोडवे मला गायचे नाहीत. पण काडतुसे भरणाऱ्या पोराला आराखडे काढणाऱ्या इंजिनियरबरोबर एका टेबलाशी उभे राहता आले. हात आणि कागद एकत्र आले.

आपल्याकडे काय झाले? तेलंगणात, म्हैसूरकडे, तामिळ मुलखात बंद मुशीत पोलाद तयार होत असे. युरोपीय लोक त्याला वूट्झ म्हणत. दमास्कसच्या नावाने गाजलेल्या तलवारींना हे पोलाद लागे. इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडेने जेम्स स्टोडार्ट या शस्त्रक्रियेची हत्यारे बनवणाऱ्या कारागिराबरोबर या पोलादाचा अभ्यास करून १८२० आणि १८२२ साली निबंध प्रसिद्ध केले. फॅरडे लोहाराचा मुलगा, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला. ज्यांच्या पोलादाचा तो अभ्यास करत होता त्या लोहारांची नावे मात्र त्या निबंधांत नाहीत, आणि आपल्या पोथ्यांत तर नाहीतच. मूस कशी भरत, भट्टी कशी लावत, याची बरीचशी माहिती आज आपल्याला फ्रान्सिस बुकाननसारख्या परक्या प्रवाशांच्या नोंदींतून मिळते. शेजारच्या गल्लीत भात्याचा आवाज ऐकणाऱ्या विद्वानाला तो लिहून ठेवावा असे वाटले नाही.

एकोणिसाव्या शतकात विलायती स्वस्त लोखंड आले, जंगलांवर सरकारी बंधने आली, भट्ट्या विझल्या आणि विद्या गेली. पुढे अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हेरहोवेन आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचा लोहार यांनी मिळून तशी पाती पुन्हा घडवायचा ध्यास घेतला. त्यात वर्षानुवर्षे गेली. १९९० च्या दशकात त्यांना उलगडले, की खनिजात व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश असला तरच पात्यावर ती प्रसिद्ध लहर उमटते. हे कोडे एकट्या प्राध्यापकाला सुटले नसते आणि एकट्या लोहारालाही सुटले नसते. गेलेली विद्या पुन्हा उभी करायला दोघे एका भट्टीपाशी यावे लागले.

त्या पोलादाच्या नोंदी वाचताना एका तपशिलापाशी मी थबकलो. मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचे वाळलेले लाकूड घालत आणि वर रुईसारख्या झाडाची पाने ठेवत. तरवड! आमच्या गावच्या माळावर पिवळ्या फुलांनी भरून जाणारे झुडूप. माझा आजा त्याची साल सोलून आणायचा.

आम्ही ढोर. आजाच्या दारात कातडे कमावायचे कुंड होते. कच्चे कातडे धुऊन तो चुन्याच्या पाण्यात ठेवी, म्हणजे केस सुटत. मग मांस खरवडून काढी, चुना धुऊन काढी आणि सालीच्या पाण्यात टाकी. पहिल्यांदा जुने, पातळ पाणी, नंतर नवे, कडक पाणी. शेवटी कातड्याची पिशवी शिवून ती तिकाटण्याला टांगायची, आत साल आणि पाणी भरायचे, आणि पाणी कातड्यातून झिरपू द्यायचे. "आधी कडक पाणी दिलं तर कातडं वरून शिजतं आणि आतून कच्चं राहतं," असे आजा म्हणे. पुढे मी वाचले, की सालीतील टॅनिन कातड्याच्या तंतूंना घट्ट धरते, त्यामुळे ते कुजत नाही. आणि सुरुवातीलाच द्राव तीव्र असेल तर वरचा थर आवळून बसतो व द्राव आत पोहोचत नाही. आजाचे वाक्य आणि पुस्तकाचे वाक्य एकच होते. पण पुस्तक लिहिणाऱ्याला विद्वान म्हणत आणि आजाची सावलीही गाव टाळत असे. त्याने जिभेच्या टोकावर पाणी घेऊन त्याची धार ओळखायची, आणि त्याच्या कमावलेल्या कातड्याच्या मोटेतून निघालेले पाणी साऱ्या गावाच्या शेताला चालायचे. त्याला मात्र विहिरीच्या काठावर चढता येत नव्हते.

आता कोणी म्हणेल, "पाहा, किती थोर परंपरा होती! ती पुन्हा चालू करा." येथे सावध राहिले पाहिजे. माझ्या बापाने बाबासाहेबांचे ऐकून ते कुंड बुजवले. घरात महिनाभर चूल धड पेटली नाही, पण त्याने कुंड उघडले नाही आणि मला शाळेत घातले. ते कुंड बुजले याचे मला आजही दुःख नाही. दुःख आहे ते याचे, की आजाजवळचे ज्ञान कागदावर आले नाही. ज्याला अक्षर येत होते तो कुंडाजवळ आला नाही, आणि जो कुंडात उभा होता त्याला अक्षर दिले नाही. ज्ञान टिकवायचे तर माणसाला त्या ज्ञानाशी जन्माने बांधून ठेवावे लागते, हा समज खोटा आहे. जन्माने बांधले म्हणूनच ते बुडाले. एका घरातच फिरणारे ज्ञान घराबरोबर मरते. तेथे कारण विचारायला बाहेरचा कोणी येत नाही, आणि घरच्याला कारण विचारण्याची उसंत नसते.

जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली जातिनिर्मूलनाच्या भाषणात दाखवून दिले. मला तीन प्लेटांपाशी त्याचा अर्थ कळला. गावगाड्याची स्तुती करणारे नेहमी सांगतात, की बारा बलुतेदार कसे एकमेकांत चपखल बसले होते. बसले होते, हे खरे. अ आणि ब सुद्धा चपखल बसतात. एक फुगीर आणि दुसरी खोलगट असली म्हणजे तर फारच छान बसतात! जुळणे म्हणजे समता नव्हे. १९४८ च्या नोव्हेंबरात संविधानसभेत बाबासाहेबांनी खेड्यांच्या या स्तुतीचा समाचार घेतला तो याच कारणाने. आणि दोन खोलगट प्लेटा समोरासमोर आल्याखेरीज मधली पोकळी दिसत नाही. त्या समोरासमोर येऊच नयेत, याची सोय उतरंडीने केलेली असते. ढोराने महाराला आणि महाराने मांगाला खालचे समजायचे, म्हणजे कोणीच कोणाशी ताडून पाहत नाही.

यंत्रांविषयीही बाबासाहेबांची भूमिका स्पष्ट होती. यंत्राने माणसाला जनावराच्या जिण्यातून सोडवावे, त्याला विचार करायला फुरसत द्यावी, हे त्यांनी १९४५ साली गांधीवादाची चिकित्सा करताना मांडले. म्हणून हातकामाचा गौरव करताना मला चरख्याकडे परत जायचे नाही. मला यंत्राच्या मुळापर्यंत जायचे आहे, यासाठी की ते कोणा एकाच्या मुठीत राहू नये. अमेरिकेत डेव्हिड गिंगरी नावाच्या गृहस्थाने १९८० च्या दशकात पुस्तकमालाच लिहिली: कोळशाची छोटी भट्टी करा, भंगारातील अॅल्युमिनियम ओता, त्यातून लेथ करा, आणि त्या लेथच्या मदतीने पुढची यंत्रे करा. कोणत्याही मुलाने, कोणत्याही मुलीने हे करून पाहावे, अशी ती भाषा आहे. वडील कोण, हा प्रश्न तेथे नाही.

आपल्याकडे २०२३ साली केंद्र सरकारने अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी विश्वकर्मा योजना आणली. कारागिराला अवजारे, प्रशिक्षण आणि कर्ज मिळावे, यात वाईट काहीच नाही. ते त्याने जरूर घ्यावे. पण गुरुशिष्य परंपरा आणि कुटुंबातून चालत आलेला व्यवसाय बळकट करू, असेही त्या योजनेत म्हटले आहे. तेथे माझा आक्षेप आहे. चांभाराच्या पोराला चांभारकाम उत्तम यावे, यात क्रांती नाही. जोश्याच्या पोराने रापी धरावी आणि चांभाराच्या पोरीने पोलादाचे रसायन लिहावे, तेव्हा या देशात विद्या पुन्हा उभी राहू लागेल.

अभ्यासवर्गातील त्या तरुणाला मी पुढच्या रविवारी घरी बोलावले. निवृत्त होताना मी भंगारातून ओतीव लोखंडाचे तीन तुकडे विकत आणले होते. ते त्याच्यापुढे ठेवले, निळा रंग दिला, स्क्रेपर दिला. पहिल्या दिवशी त्याच्या तळव्याला फोड आले. आता रविवारी पाच जण येतात, त्यांत दोन मुली आहेत. एक घासतो तेव्हा दुसरी वहीत लिहिते: किती वेळ खरवडले, डाग कोठे पडले, चूक कोणती झाली, ती का झाली. मग वही पहिल्याकडे जाते आणि स्क्रेपर दुसरीकडे येतो. लिहिणारा कायम लिहिणारा राहणार नाही आणि घासणारा कायम घासणारा राहणार नाही, हा आमच्या वर्गाचा एकमेव नियम आहे. तिसऱ्या महिन्यात ब आणि क समोरासमोर आल्या आणि मध्ये पोकळी निघाली. मुले हिरमुसली. मला मात्र मिस्त्री आठवले.

जगबुडी येईल की नाही, मला ठाऊक नाही. आपल्या समाजावर ती कित्येकदा येऊन गेली आहे. प्रत्येक वेळी आपल्या हातातील विद्या वाहून गेली, कारण ती लिहायला आपल्याजवळ अक्षर नव्हते. आज अक्षर आहे. म्हणून वाचकांना माझे सांगणे एवढेच: आपल्या घरातील म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. आजीला कोणती मुळी ठाऊक आहे, आज्याने वाख कसा वळला, वाद्याचे कातडे कसे ताणले, हे कारणासकट लिहून घ्या. ज्याला शिकायचे असेल त्या कोणालाही ते द्या. आणि ते आपल्या मुलांच्या गळ्यात बांधू नका.